चिंचेच्या कोळातलं कॉंकर

कुणीतरी विचारलंय, इंग्लंडच्या खेड्यात आपल्या पोरांना एकटं वाटायचं का? मला तरी नाही, निदान ऑक्टोबरात तरी नाही! बाबा एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर, म्हणून सत्तरच्या दशकात आम्ही समरसेटमधल्या एका खेड्यात.

चर्चजवळ हॉर्स चेस्टनटचं भलंमोठं झाड होतं. त्याच्या तपकिरी, चकचकीत बिया म्हणजे कॉंकर्स. भोक पाडून बुटाच्या नाडीत ओवायची, एकानं लोंबती धरायची, दुसऱ्यानं आपल्या बीनं हाणायची. ज्याची फुटली तो हरला. व्हिनेगरमध्ये भिजवून कडक करायची लबाडी सगळेच करत. मी आईच्या चिंचेच्या कोळात बुडवली. बी मऊ पडली, आणि जपून ठेवलेली चिंच वाया घालवली म्हणून धपाटे खाल्ले ते वेगळेच.

५ नोव्हेंबरला गाय फॉक्सचा (Guy Fawkes) पुतळा जाळायचा. १६०५ साली पार्लमेंट उडवायला निघालेल्यांपैकी हा गडी. बाबांच्या जुन्या पँटीत वर्तमानपत्रं कोंबून पुतळा करायचो आणि दुकानासमोर बसून 'पेनी फॉर द गाय' (गाय म्हणजे आमचा तो पुतळा!) म्हणत पैसे मागायचो. (बाबांना हे भीक मागणं अजिबात पसंत नव्हतं.) रात्री शेकोटी, वर फुलबाज्या. आई म्हणायची, या लोकांनी होळी-दिवाळी एकाच रात्रीत उरकली!