‘चेंज डेटा कॅप्चर’ला ‘फेरफार’ म्हटलं तर चालेल का?

उसाचा फड: साखर कारखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका मराठीत करतोय. काटा, शेतकी आणि ऊसबिल, तिन्ही खात्यांची सॉफ्टवेअरं वेगळी. काट्यावर पावती पडली, दुरुस्त झाली किंवा रद्द झाली की बाकी दोघांना आपोआप कळावं म्हणून चेंज डेटा कॅप्चर (डेटाबेसातला प्रत्येक बदल टिपून पुढं पाठवणारी सोय) बसवलंय. मी ‘फेरफार-नोंद’ असा शब्द घातला. हिशेबनीस म्हणाले, “हे आधी काढा. काटामारीचा विषय एवढा नाजूक, त्यात काट्याच्या पुस्तिकेत फेरफार?” माझ्या डोक्यात गाव नमुना ६, म्हणजे तलाठ्याची फेरफार नोंदवही, होती. दुसरं काय सुचतंय?

पंचगंगाकाठ: हिशेबनिसांचं बरोबर आहे. ‘गुणपत्रिकेत फेरफार’ अशी बातमी वाचताना कुणाला तलाठ्याची वही आठवत नाही. ‘बदल-टिपणी’ करा. ‘पकड’ मात्र नको, कोल्हापुरात ती तालमीत असते नाही तर वायरमनच्या पिशवीत.

उसाचा फड: पण नुसत्या ‘बदल’मध्ये मुख्य गोष्ट सुटते. फेरफार आधी नोंदवहीत पडतो, मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केला की मग सातबारा बदलतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्येही बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, जातो, टेबलाचं पान डिस्कवर नंतर उतरतं. डेबेझियम हे बदल टिपणारं सॉफ्टवेअर तो लॉग वाचतं आणि कमिट (पक्के) झालेले व्यवहारच काफ्कात, म्हणजे बाकीची सॉफ्टवेअरं जिथून संदेश उचलतात तिथं, टाकतं. ‘बदल-टिपणी’ वाचून वाटेल की कुणीतरी टेबलं चाळत बसलंय.

आठवी गल्ली: मी याच कामात आहे. आम्ही चेंज डेटा कॅप्चरला ‘सीडीसी’ म्हणतो आणि काट्यावरचा कारकूनही आठवड्यात तेच म्हणायला लागतो. ‘बदल-टिपणी बंद पडली’ असा फोन कुणी करणार नाही.

टेबलं चाळण्याचं म्हणाल तर पूर्वी तसंच होतं. दर काही मिनिटांनी ‘शेवटचा बदल’ हा रकाना बघून नव्या ओळी उचलायच्या. एका ठिकाणी चुकीची पावती डिलीट करून नवी काढली. डिलीट झालेली ओळच नाही, मग तिचा रकाना कोण बघणार? ऊसबिलात जुनीही राहिली, नवीही आली, एका ट्रॉलीचं बिल दोनदा निघालं. लॉगमध्ये डिलीटचीही नोंद असते. फक्त पोस्टग्रेसमध्ये जुनी ओळ पूर्ण हवी असेल तर रेप्लिका आयडेंटिटी (जुन्या ओळीचं लॉगमध्ये किती लिहायचं ते ठरवणारी सेटिंग) ‘फुल’ ठेवा, नाही तर एरवी नुसती प्रायमरी की, म्हणजे ओळीची ओळख, हाती येते.

शब्द कुठलाही घ्या, पण पुस्तिकेत एक गोष्ट ठळक छापा. लॉग वाचणारा बंद पडला तर रेप्लिकेशन स्लॉट (लॉग कुठवर वाचला याची डेटाबेसातली खूण) न वाचलेला लॉग धरून ठेवतो. मर्यादा घातली नसेल तर डिस्क भरते आणि डेटाबेसच थांबतो. ऐन हंगामात काटा थांबला तर ट्रॉल्यांची रांग कुठवर जाईल ते मी सांगायला नको.

कीर्द-खतावणी: शब्द कुठलाही कसा? मराठीत याची अख्खी पद्धत आहे. वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. व्यवहार झाला त्या क्रमानं रोजकीर्दीत. खाडाखोड नाही, चुकलं तर उलटी नोंद. मग कीर्दीवरून खतावणी, म्हणजे खातेवार वही. तुमचा लॉग म्हणजे रोजकीर्द, टेबल म्हणजे खतावणी. ‘कीर्द-वाचन’ म्हणा, हिशेबनिसांना एका वाक्यात कळेल.

आठवी गल्ली: हिशेबनिसांना कळेल. काट्यावरच्या पंचविशीतल्या पोराला कीर्द माहीत नाही.

कीर्द-खतावणी: माहीत नाही म्हणून सोडत गेलो तर उरेल काय? सांगा त्याला. त्याला डेबेझियम तरी कुठं जन्मतः माहीत होतं?

पंचगंगाकाठ: शुद्ध मराठीचा आग्रह असेल तर ‘रोज’ फारसी आहे.

कीर्द-खतावणी: शुद्ध म्हटलंच नाही मी, आपलं म्हटलं. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, तरी जमा, खर्च, हिशेब, दप्तर राहिलेच. चारशे वर्षं वापरल्यावर शब्द कुणाचा?

पंचगंगाकाठ: मग त्याच न्यायानं सीडीसीही आपलं. आणि ‘टिपणे’ एवढं हलकं समजू नका. कोंबडी दाणा टिपते, टिपकागद शाई टिपतो. मूळ जागा न हलवता नेमकं तेवढंच उचलणं त्यात आहे.

उसाचा फड: कोंबडीनं टिपलेला दाणा जागेवर राहतो होय? इथं लॉग वाचला तरी मूळ पावती जागच्या जागी असते.

पंचगंगाकाठ: कॅमेऱ्यानं टिपलेलं राहतं की.

कीर्द-खतावणी: आमच्याकडं टीप म्हणजे शिलाईची.

उसाचा फड: बरं, आणखी एक अडलंय. डेबेझियम पहिल्यांदा जोडताना टेबलाचा आहे तो सगळा स्नॅपशॉट घेतं, मग लॉग वाचायला लागतं. त्याला काय लिहू?

कीर्द-खतावणी: आरंभीची शिल्लक. कीर्दीच्या पानावर पहिली ओळ तीच.

आठवी गल्ली: शिल्लक म्हणजे एक आकडा. इथं लाखभर पावत्या जशाच्या तशा येतात. नाही पटत.

कीर्द-खतावणी: मग खतावणीतल्या ‘मागील बाकी’चा विचार करा, ती खातेवार असते.