इन्स्क्रिप्ट आता शिकावे का?

प्रश्न: मी रोमन अक्षरांतून मराठी टंकलेखन करतो, परंतु भाषांतराचे काम वाढल्यामुळे इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळफलक-मांडणी) शिकावे असे वाटते. सुरुवातीला वेग मंदावेल, तो परवडेल का?

उत्तर: रोजचे लेखन मोठे असेल तर अवश्य शिकावे. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे दोन्ही हात आलटून-पालटून चालतात. शिवाय ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो, अशा जोड्या बऱ्याच कळांवर असल्याने पाठांतर कमी लागते.

उत्तर: हीच मांडणी गुजराती, कन्नड लिपींनाही चालते, हा भाषांतरकारासाठी मोठाच लाभ आहे.

उत्तर: रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्रांवरून आलेल्या मांडणीची, सवय असणाऱ्यांनी मात्र जपावे, कारण तेथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकावी लागते, येथे नंतर. मुदतीचे काम हाती असताना मांडणी बदलू नये.