परदेशी मानवाधिकार संस्थांच्या पत्रांनी आणि अहवालांनी खरंच कोणी सुटतं का?

लॉ_सेकंड_इयर, राजारामपुरी
नमस्कार. १० डिसेंबरला मानवाधिकार दिन आहे. कॉलेजात मला अ‍ॅम्नेस्टी, ह्युमन राइट्स वॉच या परदेशी मानवाधिकार संस्थांच्या कामावर दहा मिनिटं बोलायचंय. जेवताना मामांना विषय सांगितला, तर म्हणाले, "त्यांच्याकडं ना पोलीस, ना कोर्ट. कागद काळे करून कोण कुणाला सोडतंय?" मला उत्तर देता आलं नाही. अहवाल वाचलेत, पण ते छापून झाल्यावर पुढं नेमकं काय होतं? कुणी जवळून बघितलंय का?

मिरजकर_तिकटी
मामा बरोबर बोलत्यात. लंडनात बसून हे आम्हाला मार्क देणार. पैसा कुणाचा? २०२० मध्ये अ‍ॅम्नेस्टीची इथली खाती गोठवली, काम बंद पडलं, ते काय उगंच?

वकीलकाकू, ताराबाई पार्क
बाळ, मी बघितलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडं लंडनहून अ‍ॅम्नेस्टीचं बातमीपत्र टपालानं यायचं. त्यात दर महिन्याला काही कैद्यांची माहिती असे: नाव, कधी धरलं, कुठं ठेवलंय, आरोप काय, आणि पत्र कोणत्या मंत्र्याला धाडायचं. शनिवारी शाळा सुटली की वडील एरोग्राम, म्हणजे परदेशी टपालाची घडीची पत्रं, घेऊन बसत. कच्चा मसुदा मी करायची. 'अमानुष', 'जुलमी' असे शब्द ते तांबड्या पेन्सिलीनं उडवायचे. उरायचं ते एवढंच: महामहिम, अमुक माणूस अमुक तारखेपासून आपल्या तुरुंगात आहे, त्याच्यावर रीतसर खटला चालवा नाहीतर त्याला सोडा, आणि तोवर डॉक्टर आणि वकील भेटू द्या. मला तेव्हा ते फार मवाळ वाटायचं. उत्तर बहुधा यायचंच नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा नवे पत्ते.

या कामाची सुरुवातच अशी झाली. पीटर बेनेन्सन या लंडनच्या वकिलानं २८ मे १९६१ ला 'ऑब्झर्व्हर'मध्ये विस्मरणात गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला, त्यातून अ‍ॅम्नेस्टी उभी राहिली. १९७३ मध्ये ब्राझीलमधल्या लष्करी राजवटीनं लुईझ बाझिलियो रोसी या प्राध्यापकाला उचललं. त्याच्यासाठी पहिल्यांदा तातडीचं आवाहन निघालं आणि देशोदेशींची पत्रं ब्राझीलला जाऊन पडली. रोसी जिवंत सुटला. प्रकरण बाहेर फुटलंय हे कळल्यावर आता आपल्याला मारता येणार नाही याची खात्री पटली, असं त्यानंच नंतर सांगितलं. मामांना हे सांग. कोठडीत माणसाला धोका असतो तो कुणाला पत्ता नसतो तोवर.

तिकटीकर, पैशाचा प्रश्न विचारलात ते योग्यच. संशोधन आणि मोहिमांसाठी अ‍ॅम्नेस्टी सरकारी पैसा घेत नाही. ह्युमन राइट्स वॉच तर कोणत्याच सरकारचा घेत नाही. खाती गोठवली तेव्हा परदेशी निधीच्या कायद्याचा भंग झाला असं सरकारचं म्हणणं होतं, संस्थेनं ते नाकारलं. पण या संस्था चुकतात, हेही खरं. १९९० मध्ये इराकी सैनिकांनी कुवेतमधल्या इस्पितळांत अर्भकांना काचपेटीतून काढून मरू दिलं, ही गोष्ट अ‍ॅम्नेस्टीनं आपल्या अहवालात घेतली. युद्धानंतर तिथं जाऊन तपासलं तेव्हा आधार सापडला नाही, आणि १९९१ मध्ये ती मागं घ्यावी लागली. तोवर ती अमेरिकेत युद्धाच्या बाजूनं वापरून झाली होती. म्हणून मी म्हणते, या संस्थांची सगळी ताकद पडताळणीत आहे. दोन साक्षीदार वेगवेगळे विचारले का, जखमेचा फोटो कधीचा, डॉक्टरचा कागद आहे का. अहवालातल्या तळटिपा वाच, भाषणाचा मसाला तिथं आहे.

कसबा_बावडा
काकू, एक विचारतो. मागं माझ्या भावाला रात्री घरातनं नेलं. सकाळपर्यंत कुठल्या ठाण्यात आहे तेच कळेना, जाईल तिथं "इथं नाही" एवढंच. आई दारात बसून होती. दुपारी सापडला, पुढं जामीन झाला. असल्या वेळी थेट जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारवाल्यांना लिहिता येतं का?

वकीलकाकू, ताराबाई पार्क
आईंचे काय हाल झाले असतील, मला कळतं.

येतं, पण ते पहिलं दार नव्हे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा त्याचा जोडकरार स्वीकारलेला नाही. त्यामुळं त्या करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडं आपल्याला तक्रार घेऊन जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचा मनमानी अटकेवरचा कार्यगट मात्र कोणाचंही निवेदन घेतो. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पुढची मंजुरी अजून दिलेली नाही. याची मला मनापासून खंत आहे.

आधी घरचं बघायचं. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि १९९६ च्या निकालात अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे बंधनकारक केलं. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायलाच हवं, ते घटनेच्या २२ व्या कलमात आहे. माणूस कुठंय तेच सांगत नसतील तर हेबियस कॉर्पस, म्हणजे त्याला कोर्टापुढं हजर करा अशी उच्च न्यायालयात याचिका. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर बसतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडं तक्रार मराठीत चालते, फी नाही, फक्त घटनेपासून वर्षाच्या आत करायची.

आणि त्या रात्रीची वेळ, गाडीचा नंबर, कोण काय बोललं, हे सगळं आजच वहीत लिहून ठेवा. भावालाही वेगळं लिहायला सांगा, एकमेकांचं न बघता.

लॉ_सेकंड_इयर, राजारामपुरी
काकू, रोसी आणि कुवेत दोन्ही घेते. मामांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाले, मग बसूंचं पत्र पण सांग.

वकीलकाकू, ताराबाई पार्क
सांगच. आणि मूळ निकाल वाचून बोल, माझ्या भरवशावर नको. मसुदा झाला की इथं टाक, मी बघते.