डाळ मिलमधे व्हीलॅन केले तर काट्यावरचे कॅमेरे दिसंना झाले, फोनवर आवाजपण तुटायलाय

डाळमिल_लातूर:
नमस्कार मंडळी, लातूरला आमची तूर डाळीची मिल आहे. ऑफिसात २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, वजनकाट्यावर ८ पोर्टचा पीओई (नेटच्या केबलीतूनच वीज देणारा) स्विच, मधी ७० एक मीटर केबल. टॅलीचे कॉम्प्युटर, कॅमेरे, आयपी फोन अन् ट्रकवाल्यांना दिलेलं वायफाय सगळं एकाच नेटवर्कात होतं, ते मला बरं वाटंना, म्हणून रविवारी बसून व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगवेगळी नेटवर्कं, प्रत्येकाला एक नंबर) केले: ऑफिस १०, कॅमेरे २०, फोन ३०, वायफाय ४०. तवापासून काट्यावरचे चारी कॅमेरे एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यावर) दिसत नाहीत. त्यांचे पोर्ट व्हीलॅन २० मधे अनटॅग्ड (टॅग म्हणजे डेटावर लावलेली व्हीलॅन नंबरची चिठ्ठी, ती नसलेले) केलेत, मूळच्या व्हीलॅन १ मधून काढलेत, दोनदा बघितलं. दुसरं म्हणजे काट्यावरचा पोरगा फोनवर वजन सांगतो तवा बत्तीस म्हणला का बेचाळीस तेच कळत नाही, हे आधीपासूनचंच आहे. यासाठी फोनच्या डेटाला प्रायॉरिटी लावावी (रांगेत पुढं सोडावं) का? हंगाम चालूय, टेम्पो रांगेत उभे राहू लालेत.

नांदेडकर_केबल:
दादा, त्या पोर्टांचा पीव्हीआयडी (बिनटॅगच्या डेटासाठी पोर्टाला दिलेला व्हीलॅन नंबर) बघा, अजून १ च असणार. बऱ्याच स्विचांमधे मेंबरशिप एका पानावर अन् पीव्हीआयडी दुसऱ्याच पानावर असतो, तिथंच माणूस फसतो. अनटॅग्ड मेंबर केलं म्हणजे बाहेर जाताना टॅग काढायचा एवढंच ठरलं, पण कॅमेऱ्याकडून आत येणाऱ्या फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) टॅग नसतोच, ती कुठल्या व्हीलॅनात घालायची ते पीव्हीआयडी ठरवतो. तुमची फ्रेम १ मधे जायलीय अन् पोर्ट १ मधे नाहीच, मग स्विच ती टाकून देतो. एनव्हीआरच्या पोर्टालाही २० करा. दोन स्विच जोडणारं पोर्ट मात्र चारी व्हीलॅनला टॅग्ड, दोन्ही टोकांना. अन् झालं की कॉन्फिग सेव्ह करा, आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, अन् सेव्ह न केलेलं सगळं तिच्याबरोबर जातं.

परभणी_व्होआयपी:
प्रायॉरिटीला आत्ताच हात लावू नका भाऊ. जी.७११ (फोनचा आवाज डेटात बदलायची एक पद्धत) चा एक कॉल एका दिशेला जेमतेम ८७ केबीपीएस खातो, चार कॅमेरे ४-४ एमबीपीएसचे धरले तरी १६ च झाले, एवढ्यानं गिगाबिट काय १०० एमबीपीएसची लिंकसुद्धा भरत नाही. रांगच लागत नसंल तर कुणाला पुढं सोडणार? आधी त्या अपलिंक (दोन स्विच जोडणाऱ्या) पोर्टाची स्पीड अन् सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या पाकिटांचा आकडा) बघा. गिगाबिटला केबलीतल्या तारांच्या चारी जोड्या लागतात, १०० दोन जोड्यांवर चालतं, म्हणून केबल दुखावली की लिंक गुपचूप १०० वर येते अन् कॉल, कॅमेरे चालल्यासारखे वाटतात. खराब झालेलं पाकीट प्रायॉरिटीनं दुरुस्त होत नाही. केबल चांगली निघाली तर मग फोनवरून डीएससीपी ४६ (पाकिटावरचा 'हा आवाज आहे' असा प्रायॉरिटीचा शिक्का) येतो का बघा, स्विचला त्या पोर्टांवर डीएससीपी ट्रस्ट करायला (शिक्का खरा मानायला) सांगा अन् ४६ वरच्या रांगेत घाला. ट्रकवाल्यांच्या वायफायच्या पोर्टावर ट्रस्ट ठेवू नका, नाहीतर कुणाचाही मोबाईल स्वतःला फोन म्हणवून पुढं घुसंल.

बीडचा_अ‍ॅडमिन:
एक राहिलं, व्हीलॅन वेगळे केले पण मधी राउटिंग (एका व्हीलॅनातून दुसऱ्यात डेटा पोचवणं) चालू असंल तर वायफायवाला टॅलीपर्यंत पोचतोच, तिथं एसीएल (काय सोडायचं, काय अडवायचं त्याची यादी) लागतो. व्हीलॅन ४० वर आधी डीएचसीपी (आयपी पत्ता देणारं) अन् डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारं) सोडा, मग १९२.१६८.०.०/१६ (१९२.१६८ नं सुरू होणारे सगळे आतले पत्ते) बंद करा, मग बाकी सगळं सोडा. हाच क्रम ठेवा, कारण स्विच वरून खाली वाचतो अन् पहिली जुळलेली ओळ लावून थांबतो, अन् शेवटी न लिहिलेली 'सगळं बंद' ही ओळ असतेच. अन् स्विचचा एसीएल बहुतेक वेळा आठवण ठेवत नाही. ऑफिसातून कॅमेरा बघायची परवानगी दिली पण कॅमेऱ्याकडून ऑफिसकडं सगळं बंद केलं तर उत्तरसुद्धा अडतं, मी यात अख्खी दुपार घालवलीय. खांबावरच्या कॅमेऱ्यांच्या पोर्टांना पोर्ट सिक्युरिटीत एकच मॅक (यंत्राचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) ठेवा, कुणी वायर काढून लॅपटॉप लावला तर पोर्ट बंद पडंल.

डाळमिल_लातूर:
पीव्हीआयडी १ च होता, बदलला अन् चारी कॅमेरे आले. अपलिंक १०० वर होती, सीआरसीचा आकडा बघता बघता वाढायलेला. गोदामाच्या कोपऱ्यात कट्ट्यांच्या मागं पाईपाचं तोंड उघडं राहिलेलं, तिथं उंदरांनी केबल कुरतडलीय, निळ्या जोडीची तार तर पार तुटलेली. नवीन ओढली, तोंडं बुजवली, लिंक १००० वर आली, तासाभरात एरर एकही नाही. पोराला वजन सांगायला लावलं, बत्तीस ते बत्तीसच ऐकू आलं. सेव्ह केलंय. एसीएल उद्या काटा बंद झाल्यावर लावतो, लिहिलेल्या ओळी आधी इथं टाकतो, बीडवाले दादा जरा नजर मारा.