एका शरभावर अख्खं आयुष्य घालवावं का?

शेरीलिंब (धागाकर्ता):

जोसेफ निग या अमेरिकन लेखकाबद्दल वाचल्यापासून डोक्यात जे घोळतंय ते मांडतो. या माणसानं १९८२ मध्ये ग्रिफिनवर पुस्तक लिहिलं. ग्रिफिन म्हणजे गरुडाचं डोकं, पंख आणि सिंहाचं धड असलेला प्राणी. १९९९ मध्ये जुन्या ग्रंथांतले अद्भुत प्राण्यांविषयीचे उतारे निवडून त्यांचं संकलन केलं. २०१३ मध्ये तर एका नकाशावरच पुस्तक लिहिलं. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूनं १५३९ साली व्हेनिसमध्ये उत्तर युरोपचा नकाशा छापला होता. त्यातल्या समुद्रात जे भयंकर जीव चितारलेत, त्यांची एकेकाची ही हकीकत. २०१६ मध्ये फिनिक्स, म्हणजे मरून पुन्हा जन्मणारा पक्षी. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस अस्तित्वातच नसलेल्या जनावरांच्या मागं लागलाय.

"हे प्राणी होते का?" या प्रश्नात तो अडकत नाही. लोकांनी त्यांच्याकडून काय काय काम करून घेतलं, ते तो पाहतो. फिनिक्सचंच घ्या. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तमध्ये त्याची गोष्ट ऐकतो आणि सरळ लिहितो की मी तो फक्त चित्रात पाहिलाय. पुढं ख्रिस्ती धर्मगुरू मेलेला माणूस पुन्हा उठतो याचा दाखला म्हणून तोच पक्षी पुढं करतात. सतराव्या शतकात थॉमस ब्राउनसारखे अभ्यासक त्याच्या असण्यावरच हरकत घेतात. पक्षी एकच, पण त्याच्या निमित्तानं माणसाच्या विचाराचा दोन हजार वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढं उभा राहतो.

आता आपल्याकडं या. माझं घर साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. विहीर १७१९ ते १७२४ मधली, वीरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतलेली. तिथल्या दगडी जनावरांना कुणी वाघ म्हणतं, कुणी सिंह, कुणी शरभ, म्हणजे आपल्या पुराणांतला काल्पनिक प्राणी. लहानपणापासून ऐकतोय, पण नीट उत्तर कुणीच दिलं नाही. आणि उत्तर शोधण्यासारखं आहे! महाभारतात शरभ आठ पायांचा, सिंहालाही मारणारा. शांतिपर्वात ऋषीच्या कुत्र्याची गोष्ट आहे. भीतीपोटी कुत्र्याचा बिबट्या होतो, बिबट्याचा वाघ, मग हत्ती, सिंह, शेवटी शरभ. तो ऋषीवरच उलटतो आणि पुन्हा कुत्रा होतो. मेघदूतात शरभ हिमालयातलं एक रागीट जनावर आहे, मेघावर उडी घ्यायला जातं एवढंच. नंतरच्या शैव पुराणांत तोच शरभ शिवाचं रूप होऊन नरसिंहाला आवरतो. त्यावर वैष्णवांकडून दोन तोंडांचा गंडभेरुंड येतो, शरभाला आवरायला. आणि तिथून तो आपल्या गडांच्या दरवाज्यांवर चार पायांचा होऊन, पंजांत हत्ती धरून बसतो. आठाचे चार पाय कुठं झाले, कधी झाले, कुणी केले? यावर मराठीत एका माणसानं तीस वर्षं घालवायला नकोत का?

घाई का, तेही सांगतो. आमच्या भागातल्या एका जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारात पायरीशेजारच्या शरभाला पिवळा ऑइलपेंट मारला, वर काळे पट्टे ओढले. आता तो कायमचा वाघ झाला. मी विचारलं तर म्हणाले, "पोरांना कळायला नको का काय आहे ते?" त्या रात्री मला झोप आली नाही.

अदालतवाडा कोपरा:

विषय चांगला मांडलाय, पण माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे. मी साताऱ्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच शहरात ऐकत मोठा झालो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गावोगावी फिरलो. तिथं एक गोष्ट कळली. आपल्या लोकांना काल्पनिक प्राणी "काल्पनिक" म्हणून भेटतच नाहीत. नाग दूध पितो, नाग डूख धरतो, अमक्या विहिरीत काहीतरी आहे म्हणून बाळंतिणीनं तिकडं जाऊ नये. युरोपात ग्रिफिनला आज कुणी नवस बोलत नाही, म्हणून निगसाहेबांना निवांत लिहिता आलं. आपल्याकडं "सांस्कृतिक इतिहास" असं मुखपृष्ठावर छापलं की आतलं कुणी वाचत नाही. "बघा, पुस्तकात पण आहे," एवढंच पसरतं. सर्पदंश झालेला पोरगा देवळात नेऊन ठेवलेला मी पाहिलाय. दवाखाना चार किलोमीटरवर होता. तीस वर्षं द्यायची असतील तर ती सापाच्या विषावरचं औषध प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवायला द्या.

मोरणाकाठ:

कोपरा सर, तुमच्या कळकळीचा आदर आहे, पण नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याचा माणूस म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्यात नाग म्हणजे पुराणातला प्राणी नाही. गोरखनाथ महाराज भिक्षेला आले, घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा द्यायला उशीर झाला, आणि महाराजांनी तो नाग जिवंत केला, ही गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली. त्यावरून जिवंत नागाची पूजा सुरू झाली असं आम्ही मानतो. उच्च न्यायालयाचा आदेश आला, जिवंत नागांची मिरवणूक थांबली. कायदा आम्हाला कळतो. १९७२ चा वन्यजीव कायदा आता आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. पण गावाबाहेरचा जो येतो तो एकतर आम्हाला अडाणी म्हणतो, नाहीतर आमचे फोटो काढून "अद्भुत परंपरा" म्हणून विकतो. तिसरा कुणी येतच नाही.

माझा विरोध शेरीलिंब यांनाही आहे. पुण्या-मुंबईचा कुणी ग्रंथालयात बसून नागावर चारशे पानं लिहिणार. त्यात नाग कसा पकडायचा, मडक्यात कसा ठेवायचा, सण झाल्यावर पकडल्या जागीच परत का सोडायचा, हे माझ्या चुलत्यांना ठाऊक असलेलं काहीच नसणार. ते ज्ञान आता चुलत्यांबरोबरच जाणार आहे. ते कुठल्या पर्वात सापडणार?

शेरीलिंब:

मोरणाकाठ दादा, "तिसरा कुणी येतच नाही" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. मला जो लेखक हवाय तो हाच तिसरा. त्यानं तुमच्या चुलत्यांपाशी महिनाभर बसायला हवं आणि महाभारतही मुळातून वाचायला हवं.

कोपरा सर, दवाखान्याच्या मुद्द्यावर वाद नाही. पण नाग डूख धरतो ही समजूत कुठून आली, कशानं बळावली, हे कुणी दाखवलंच नाही तर ती निघणार कशी? नुसतं "खोटं आहे" म्हटलं की आमच्या गावात माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन तेच करतो.

मिरज जंक्शन:

मी मूर्तिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दोन्ही बाजू भावनेनं बोलतायत, म्हणून थोडं पद्धतीबद्दल.

अशा लेखनात एक मोठा सापळा आहे. ग्रिफिनचंच उदाहरण घ्या. एड्रियन मेयर या अभ्यासिकेनं मांडलं की गोबीच्या वाळवंटातले प्रोटोसेराटॉप्स या चोचीच्या, चार पायांच्या डायनासोरचे सांगाडे सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या लोकांनी पाहिले, आणि त्यातून सोनं राखणाऱ्या ग्रिफिनची कथा जन्मली. कल्पना इतकी देखणी की माहितीपटांपासून संग्रहालयांपर्यंत सगळीकडं पसरली. २०२४ मध्ये मार्क विटन आणि रिचर्ड हिंग यांनी ती तपासली. ते जीवाश्म जिथं मिळतात तिथून प्राचीन सोन्याच्या जागा शेकडो किलोमीटर लांब निघाल्या. शिवाय ग्रिफिनची चित्रं इजिप्त आणि इराणच्या बाजूला त्या कथेच्या कितीतरी आधीपासून आहेत. म्हणजे एका गोड तर्कानं वीस-पंचवीस वर्षं वाचकांना गुंगवलं.

आपल्याकडं हा धोका दुप्पट आहे. शरभाच्या पंजातला हत्ती दिसला की लगेच "हा अमक्या शाहीचा पराभव" असं सांगणारे गाइड प्रत्येक गडावर भेटतात. पुरावा विचारला तर राग येतो. हत्तीवर झडप घालणारे सिंह नि व्याल (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) मराठ्यांच्या कितीतरी आधीपासून दक्षिणेतल्या देवळांवर आहेत. तमिळनाडूतल्या दारासुरमच्या बाराव्या शतकातल्या देवळात शरभरूपातला शिव आहे. कर्नाटकातल्या बळ्ळिगावेचा गंडभेरुंडाचा स्तंभ १०४७ चा. आधी हजारभर शिल्पांची मोजमापं, दगड, जागा, काळ यांची नोंद करा. आयुष्य द्यायचं तर त्या नोंदीला द्या. पुस्तक नंतर कुणीही लिहील.

भिलवडीची लेक:

जंक्शन ताई, नोंदी हव्यातच. पण "पुस्तक नंतर कुणीही लिहील" हे मला पटत नाही. नोंदींचे ढीग कुलूपबंद कपाटात राहतात. रा. चिं. ढेऱ्यांनी एका लज्जागौरीच्या, म्हणजे सुफलनाच्या देवीच्या मागं लागून शेत, वारूळ, कुंभ, बाईचं शरीर, सगळं एका धाग्यात ओवलं, तेव्हा माझ्यासारखीला कळलं की आई शेतात कुणापुढं हात जोडते. नोंदवहीतून ते कळलं नसतं.

आमच्या गावाचं सांगते. कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर पट्ट्यात ही रोजची बाब. पाणी ओसरलं की वाळूवर पसरलेली दिसते. मगर हा शब्द मकरावरूनच आला. देवळात गंगेच्या पायाशी बसलेला, सोंड वळवलेला, शेपटीला फुलोरा आलेला तो मकर, आणि घाटावर धुणं धुताना जिच्याकडं आम्ही अर्धा डोळा ठेवतो ती मगर, नाव एकच. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या दगडी नळीलाही कित्येक देवळांत मकराचं तोंड असतं. मला हे कळलं तेव्हा मी पस्तिशीची होते. शाळेत कुणी सांगितलं नाही.

आणि कोपरा सर, विहिरीत "काहीतरी आहे" म्हणता ना, त्या आमच्याकडच्या साती आसरा, पाण्यातल्या सात देवी. शेंदूर लावलेले सात दगड, पाण्याच्या कडेला. आई सांगायची, आसरांच्या डोहात तिन्हीसांजेला पाय घालू नये. तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणाल, आणि बाळंतिणीला त्याचा त्रास झाला असेल तर मीही म्हणेन. पण त्या डोहात भोवरा होता. माझा मामा तिथंच गेला. आई कधी "भोवरा" म्हणाली नाही, "आसरा" म्हणाली, आणि आम्ही चौघी बहिणी त्या पाण्यात कधी उतरलो नाही.

अदालतवाडा कोपरा:

ताई, मामांचं वाचून थांबलो. तुमच्या आईची भीती खोटी नव्हती, मान्य. तरी माझा मुद्दा सोडत नाही. आसरा सांगितल्यानं तुम्ही चौघी वाचलात, त्याच आसरांच्या नावानं दुसऱ्या घरात सून झोडपली गेली. मी ती केस पाहिली आहे. लिहिणाऱ्यानं दोन्ही घरं लिहावीत. फक्त डोह आणि शेंदूर लिहिला, सुनेच्या पाठीवरचे वळ गाळले, तर तसलं पुस्तक मला नको. दोन्ही असतील तर मी स्वतः विकत घेऊन वाचनालयात ठेवीन.

मोरणाकाठ:

कोपरा सर, ही अट आमच्या नागालाही लागू. आमच्यात कुणाकुणाला सण सुरू असताना दंश झाला, तेही यायला हवं. चुलते सांगतील. ते लपवत नाहीत.

मिरज जंक्शन:

लेक ताई, "कुणीही" हा शब्द मागं घेते. पण शेरीलिंब, विहिरीतल्या जनावरांचं काय? पायांना नखं कोरलीत की खूर? पाठीवर पंखांच्या रेषा आहेत का? पंजाखाली किती हत्ती? एवढं कळलं तरी वाघ की शरभ, यावर थोडं बोलता येईल. आणि त्या पिवळ्या रंगाखालचा दगड कोणता आहे, तेही बघा. रंग सावकाश उतरवता येतो. खरवडू मात्र देऊ नका कुणाला.

शेरीलिंब:

नखं आहेत एवढं नक्की आठवतं. पंखांचं बघावं लागेल, त्या कोनाड्यात उजेड कमी पडतो. रविवारी सकाळी आठला विहिरीवर जातोय. टेप, वही आणि बॅटरी घेतो. जंक्शन ताई, मिरजेहून पहाटेची गाडी मिळाली तर या, घरून भाकरी-पिठलं आणतो. देवळाच्या विश्वस्तांशी आजच फोनवर बोललो. रंगाचं ऐकून घेतलं, हो म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.