बंद शिशाच्या खाणीत शिरण्याआधी : अनुभव धागा

पाऊस ओसरला की मुंबईतली भटकी मंडळी सह्याद्री सोडून लांबची ठिकाणं शोधायला लागतात, आणि कुणीतरी राजस्थानातल्या जावरच्या जुन्या शिसं-जस्ताच्या खाणींचा विषय काढतंच. खाणीत काम केलेले, सर्व्हे केलेले, दोरकाम जाणणारे इथे बरेच आहेत. त्यांनी लिहावं. ‘आम्ही गेलो, धमाल आली’ नको. काय न्यायचं, काय तपासायचं, फसगत कुठे होते, तेवढंच सांगा.

भूगर्भवाला, माटुंगा

आधी हवेचं बोलू. चालू खाणीत ऑक्सिजन 19 टक्क्यांखाली आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यावर जाता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे. बंद खाणीत तो पाळायला पंखाच नसतो. कुजणारं लाकूड आणि पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) ऑक्सिजन खातात. पायराइटमधून आम्ल सुटतं, ते डोलोमाइटला (चुनखडीसारख्या खडकाला) लागलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. जावरचं खनिज डोलोमाइटमध्येच आहे.

आता मीटर. सगळीकडे मिळतो तो चार गॅसचा मीटर ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू मोजतो. कार्बन डायऑक्साइड मोजत नाही! हिशेब करा : हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड शिरला, तर ऑक्सिजन 20.9 वरून साधारण 19.9 वर येतो. अलार्म बहुधा 19.5 ला लावलेला असतो. म्हणजे तुम्हाला धाप लागलीय, डोकं ठणकतंय आणि मीटर गप्प. कार्बन डायऑक्साइडसाठी इन्फ्रारेड सेन्सर असलेला मीटर वेगळा घ्यावा लागतो. भाड्याने घेताना हे विचाराच, दुकानदार आपणहून सांगत नाही.

मीटर मोकळ्या हवेत सुरू करून शून्यावर आणायचा, चालू जीपच्या धुराजवळ नव्हे. खोल खड्ड्यात उतरण्याआधी तो दोरीला बांधून एकेक मीटर अंतराने खाली सोडा आणि प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट तरी थांबा. सेन्सरला वेळ लागतो. साचलेलं पाणी ढवळू नका, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. सडक्या अंड्याचा वास येऊन गेला म्हणजे धोका टळला असं नाही. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं.

गिरगावकर

काका, हवा तपासायला मेणबत्ती चालते की. जुने लोक तेच करायचे.

भूगर्भवाला, माटुंगा

ऑक्सिजन साधारण 16-17 टक्क्यांवर आला की ती विझते. तोवर आपली अक्कल आधीच विझलेली असते. शिवाय आत ज्वलनशील वायू असेल तर काय होईल ते सांगायला नको. अजून एक : बाहेरच्या हवेचा दाब उतरला की खाणीच्या पोटातली कोंडलेली हवा बाहेर येते. सकाळी ठीक वाटलेला बोगदा वादळी दुपारी तसा नसतो.

दोरवाली, डोंबिवली

मला जमिनीबद्दल सांगायचंय. खनिजाची शीर उभी असली तर खाणवाले तिच्यामागे वर-खाली खोदत जातात आणि मधे आडवी लाकडं ठोकून त्यांवर दगडमाती टाकतात. वरून ती पक्की वाट दिसते, खाली पोकळी असते. लाकूड कुजलं की काही खरं नाही. बोगद्याच्या मधोमध खडखडीत दगडमातीचा भराव लागला आणि डोक्यावरही चीर वर गेलेली दिसली, तर खालीही तशीच चीर असणार असं धरून चाला. काठीने ठोकून पाहणं पुरेसं नाही, काठीला तुमचं वजन नसतं. डबकं दिसलं तर त्यात पाय टाकायचा नाही. तो पाण्याने भरलेला खोल खड्डा असू शकतो.

दोर 10.5 किंवा 11 मिमीचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा. क्लाइंबिंगचा ताणणारा दोर उतरण्या-चढण्यासाठी नको, कडेला घासत झोके खात राहतो. जुने रूळ, लोखंडी गज, लाकडी खांब यांना दोर बांधायचा नाही, कितीही जाडजूड दिसोत. धबधब्यावर रॅपलिंग करणाऱ्यांना भरवशाच्या बेसॉल्टची सवय असते, तीच इथे नडते. छत पहारीने ठोका : खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथून मागे. उभ्या शाफ्टचं (खाणीत उतरणाऱ्या विहिरीसारख्या खड्ड्याचं) तोंड नरसाळ्यासारखं खचतं, म्हणून वाकून पाहायचं नाही. माणशी तीन दिवे, त्यांतला एक हेल्मेटवर. सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं, पण दोरावर मानकाचा शिक्का बघून घ्या.

आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बोटभर नळ्या, त्यांना वायरी दिसल्या तर हात लावू नका. ते डेटोनेटर, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्या स्फोटक नळ्या, असू शकतात. बाहेर या, पोलिसांना कळवा.

मुलुंडची आई

लहान मूल असलेल्यांनी हे वाचा. गॅलेना, म्हणजे शिशाचं चकचकीत करडं खनिज, पोटात सहजी विरघळत नाही. पण हवापाणी लागून त्याचं सेरुसाइट होतं, पांढरट-करडं, आणि ते पोटातल्या आम्लात सहज विरघळतं. जुन्या खाणीत धूळ असते ती अशीच. त्यामुळे आत खाणं-पिणं, तंबाखू, सिगरेट काही नको. बाहेर आल्यावर हात साबण-पाण्याने. सॅनिटायझरने शिसं जात नाही. एन-95 मास्क धूळ अडवतो, वायू नाही.

बूट आणि ओव्हरऑल तिथेच दोन पिशव्यांत बांधा. लोकलमध्ये उघडायचे नाहीत. वन-रूम-किचनमध्ये ते झटकायला जागा नसते, म्हणून कोरडं झाडूच नका, ओल्या फडक्याने पुसा. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. रांगणारं बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मुलांच्या रक्तासाठी ठरवलेला संदर्भ आकडा 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, ती काही सुरक्षित मर्यादा नव्हे. शंका आली तर रक्तातलं शिसं लगेच तपासा. रक्तातलं प्रमाण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडात मात्र वर्षानुवर्षं राहतं.

विलेपार्ले

बोगद्यात न शिरताही जावरला पाहण्यासारखं भरपूर आहे, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. जस्त 907 अंशांना उकळतं. उघड्या भट्टीत त्याची वाफ निघून जाते, म्हणून पूर्वी इथे जस्त काढताना वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावून वाफ खालच्या भांड्यात उतरवत. एका भट्टीत अशा 36. वापरून झालेल्या मुशी भिंतींत चिणलेल्या आजही दिसतात. उचलून आणू नका. 1988 साली एएसएम इंटरनॅशनल या धातुशास्त्राच्या संस्थेने या जागेला ऐतिहासिक महत्त्वाचं स्थळ म्हणून मान्यता दिली. जुन्या बोगद्यांच्या भिंती गोलसर, गुळगुळीत दिसतात, त्याचं कारण खडक लाकडं पेटवून तापवत आणि तडकवत.

जायचं तर बांद्रा टर्मिनसहून उदयपूरची गाडी आणि पुढे दक्षिणेला साधारण 40 किमी. परिसरात आजही खाणकाम चालू आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे लीज आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. तोंडावर कुंपण असेल तर ते उगाच घातलेलं नसतं.

गिरगावकर

मग मेणबत्ती रद्द. आत जाणाऱ्यांनी बाहेर कुणाला तरी लेखी वेळ द्यावी : चारला बाहेर, सहापर्यंत फोन आला नाही तर 112. आणि तो माणूस बाहेरच थांबेल, शोधायला आत शिरणार नाही, हे आधीच ठरवून घ्या.