मदत हवी आहे: वेल्ह्याकडच्या गावी भर पावसात जायला कोणती फोर बाय फोर (चारही चाकांवर चालणारी) गाडी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

राहायला वारज्यात आहे, मूळ गाव वेल्ह्याच्या पुढे आत. आई-बाबा तिकडेच असतात. पुण्याला या म्हटलं की येतात, दोन दिवस राहतात आणि तिसऱ्या दिवशी भाताचं नाहीतर म्हशीचं काहीतरी निघतंच. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे गेलेत, आईला बीपी आहे.

चेलाडी फाट्याने जा नाहीतर पाबे घाटातून, वेल्ह्यापर्यंत काहीच प्रश्न नाही. डांबरी संपली की घरापर्यंत साधारण ३ किलोमीटर कच्चं. आधी लाल मातीचा चढ, दरवर्षी मुरूम टाकतात आणि दरवर्षी तो वाहून जातो, मग एक ओढा, त्यावर फरशी आहे पण मोठा पाऊस झाला की पाणी फरशीवरून जातं, आणि शेवटचा पाऊण किलोमीटर भातखाचरांच्या कडेने गाडीवाट, एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला खाचर, समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे जावं लागतं एवढीच रुंदी. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की साध्या गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं.

२०२४ च्या जुलैत, पुण्यात एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं त्याच आठवड्यात बाबांना थंडी वाजून ताप भरला. मी माझी गाडी घेऊन गेलो (पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही आहे, नाव लिहीत नाही, दोष गाडीचा नाहीच), जाताना कशीबशी पोचली, येताना बाबांना मागे बसवलं आणि खाचराच्या कडेला पुढची दोन्ही चाकं जागेवर फिरायला लागली. मी घाबरून आणखी रेस केली तशी ती आणखी खाली गेली. शेजारचे काका ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत दीड तास बाबा चादर गुंडाळून तसेच मागच्या सीटवर. आई घरून छत्री घेऊन चिखलातून चालत आली. बाबा त्या दीड तासात एवढंच म्हणाले की ह्याला चहा दे, भिजलाय.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. मला डोंगरावर गाडी चढवायचा शौक नाही, ट्रेल-बिल करायचे नाहीत. मला फक्त कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी घरापर्यंत जाता आलं पाहिजे आणि आई-बाबांना घेऊन बाहेर येता आलं पाहिजे.

बजेट ऑनरोड १८ पर्यंत आरामात, २१ पर्यंत ताणता येईल. रोजचं ऑफिस बावधनला, म्हणजे एका बाजूला ७ किलोमीटर, आणि महिन्यातून दोन-तीनदा गाव. घरी मी, बायको आणि आठवीतली मुलगी. जुनी हॅचबॅक ठेवणार आहे, आत्ताची एसयूव्ही विकणार.

आत्तापर्यंत पाहिलेल्या अशा:

जिम्नी. १.५ पेट्रोल, १०५ पीएस, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची उंची) २१० मिलिमीटर, लो रेंज (सावकाश पण जास्त जोराने ओढणारा गिअर) आहे. पण सीट चारच, डिकी २०८ लिटर, त्यात तांदळाची पोती कुठे ठेवायची.

थार तीन दारी. पेट्रोल आणि २.२ डिझेल दोन्हीत फोर बाय फोर येते, क्लिअरन्स २२६, पाण्यात ६५० मिलिमीटरपर्यंत चालते असं कंपनी सांगते. १.५ डिझेल स्वस्त दिसते पण ती फक्त मागच्या चाकांवर, हे मला शोरूममध्ये विचारल्यावरच कळलं. मागच्या सीटवर पुढून वाकून जायचं, तिथे बाबा कसे बसणार?

थार रॉक्स. पाच दारं, पाच जण, डिकी मोठी, मनातून हीच आवडली. पण फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आणि ऑनरोड आकडा बजेटच्या वर जातो.

गुरखा पाच दारी. २.६ डिझेल, १४० पीएस, पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक (एकाच बाजूचं चाक नुसतं फिरू न देणारे), स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी) कंपनीतूनच, ७०० मिलिमीटर पाणी, सात सीट. ऑटोमॅटिक नाही, ते मला चालेल. पण उंची दोन मीटरच्या वर, आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरेल का ते मोजायचंय.

मेहुणा म्हणतो एवढं कशाला, ग्रँड विटाराची ऑलग्रिप घे, तीपण चारही चाकांवर चालते आणि रोजच्या वापराला चांगली.

अशा रस्त्यावर स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी कृपया सांगा. यंदाच्या पावसाआधी निर्णय घ्यायचाय.

प्रतिसाद १

मेहुण्यांचा सल्ला रोजच्या वापरासाठी बरोबर आहे, पण तुमच्या रस्त्यासाठी नाही. त्या गाडीला लो रेंज नाही. ओल्या डांबरावर, थोड्या रेतीत, गवतावर ती छान जाते, पण चाकोरीत फसल्यावर लागतो तो सावकाश ओढणारा जोर तिच्याकडे नाही. यादीतून काढा.

प्रतिसाद २

मी गेली नऊ वर्षं ताम्हिणीच्या अलीकडे शेतावर जातोय, आधी जिप्सी होती, आता थार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढतात असं लोकांना वाटतं, पण साध्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा भाग) जिकडे पकड कमी तिकडचंच चाक फिरत राहतं. म्हणजे डावी दोन चाकं खाचराच्या रेंद्यात आणि उजवी दोन बांधाच्या कडक मातीवर असतील, तर डावीकडचीच फिरणार आणि गाडी जागेवर. तुमच्या गाडीवाटेवर नेमकं हेच होणार आहे. त्यावर तीन गाड्यांचे तीन उपाय. जिम्नी फोर एलमध्ये (फोर बाय फोर, लो रेंज) टाकली की फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो आणि जोर पलीकडच्या चाकाला जातो. थारच्या काही व्हेरियंटला मागे मेकॅनिकल लॉकर मिळतो, तो चाक थोडं घसरल्यावर स्वतः धरतो. गुरखाचे लॉक तुम्ही चिखलात शिरायच्या आधीच हाताने लावू शकता आणि खऱ्या फसवणाऱ्या जागेत त्याची सर दुसऱ्या कशाला नाही.

पण लॉक ही शेवटची गोष्ट. त्याआधी टायर. शोरूममधून गाडी एचटी (डांबरी रस्त्याच्या) टायरवर आली असेल तर त्याच्या खाचा आपल्या चिकट मातीने दोन फेऱ्यांत भरतात आणि मग गुळगुळीत टायरवर चालवल्यासारखं होतं. आधी चांगले एटी (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर टाका. कच्चं लागलं की हवा १८-२० पीएसआयवर आणा, टायर पसरतो आणि पकड वाढते, बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा आणि डांबरीवर परत हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका. लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, पाय हलका, आणि चाक फिरतंय असं वाटलं की लगेच थांबायचं. रेस करणं ही सगळ्यांचीच पहिली चूक असते, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

दुसरं वजन आणि रुंदी. ह्याकडे तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, थार, रॉक्स, गुरखा तिच्यापेक्षा बऱ्याच जड. जड गाडी रुतली की ट्रॅक्टरच लागतो, जिम्नीला खालची माती काढून, दगड-फांद्या घालून दोन माणसं ढकलू शकतात. आणि जिम्नी १६४५ मिलिमीटर रुंद आहे, रॉक्स १८७०. म्हणजे एक वीतभर फरक. बांधाच्या कडेला ती वीत फार मोठी असते.

आणि हे कायम लक्षात ठेवा, जिम्नी, थार, रॉक्स, गुरखा ह्या सगळ्या पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत. कोरड्या डांबरीवर फोर एच (फोर बाय फोर, नेहमीचे गिअर) लावून फिरवलं तर वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि त्यांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. कच्चं संपलं की टू एच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं.

प्रतिसाद ३

दादा, क्लिअरन्स, टॉर्क सगळं ठीक आहे, पण आई-बाबांना घेऊन शोरूममध्ये जा आणि त्यांना चढून-उतरून बघू द्या. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आम्ही उंच गाडी घेतली आणि आता त्यांना प्रत्येक वेळी लाकडी पाट ठेवावा लागतो, पावसात तो पाटही घसरतो. धरायला हँडल कुठे आहे, दार किती उघडतं, सीट किती उंच आहे हे ब्रोशरमध्ये कळत नाही. आजारी माणूस स्वतः चढणार नाही, त्याला कोणीतरी चढवणार आहे, हेसुद्धा धरा.

प्रतिसाद ४

जुनी जिप्सी बघा. हलकी, साधी, वेल्ह्यात कुठलाही मेकॅनिक खोलून जोडून देईल.

प्रतिसाद ५

जिप्सी मलाही जीव की प्राण आहे पण २०१९ नंतर ती सामान्य ग्राहकांसाठी बनत नाही, पाट्यांच्या स्प्रिंगवर आजारी माणूस नेणं म्हणजे हाल, आणि आता बाजारात मिळतात त्यातल्या चांगल्या गाड्यांना लोक वाट्टेल ती किंमत सांगतात. ह्या कामाला नको.

मला दुसरंच सांगायचंय. रोज ७ किलोमीटर जाणार असाल तर बीएस सिक्स डिझेल नीट विचार करून घ्या. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारी जाळी) साठलेली काजळी जळायला इंजिन पुरेसं तापून काही वेळ सलग चालावं लागतं, वारजे-बावधन ट्रॅफिकमध्ये ते होत नाही, मग दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या. महिन्यातून दोनदा वेल्ह्याला गेलात तर तेवढ्याने कदाचित भागेल, पण पेट्रोलला ही कटकटच नाही. शिवाय १० ते २० लाखांच्या गाडीला आपल्याकडे रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४, तोही धरा.

आणि ओढा. ६५० आणि ७०० हे आकडे साचलेल्या पाण्याचे समजा. फरशीवरून वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी गाडी बाजूला सरकवतं, स्नॉर्कल असो वा नसो. फरशीची कड दिसत नसेल तर थांबायचं. साध्या विम्यात पाणी शिरून बंद पडलेलं इंजिन बहुतेक वेळा भरून मिळत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्या. पुढे भक्कम बुलबार लावायचा मोह झाला तर तो बेकायदा आहे, त्यापेक्षा रिकव्हरी हूक, चांगला पट्टा, फावडं आणि दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) घ्या.

प्रतिसाद ६

पाच जण एकत्र गावी वर्षातून किती वेळा जाता? आणि त्यातले पावसात किती? हे मोजा, अर्धी यादी आपोआप गळेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत जे केलं ते लिहितो.

आधी मोजलं. पाच जण एकत्र म्हणजे दिवाळी, गावची जत्रा, मे महिन्यात एकदा आणि एखादं लग्न. चारही वेळा रस्ता कोरडा, हॅचबॅक सावकाश जाते. पावसात मी एकटा नाहीतर मी आणि बायको, आणि येताना आई-बाबा. म्हणजे चार. पाचव्या सीटसाठी मी रॉक्सच्या मागे लागलो होतो आणि ती सीट लागणार होती ती कोरड्या दिवसांत. तांदूळसुद्धा दिवाळीनंतरच येतो, तेव्हा हॅचबॅकची मागची सीट पाडून पोती आणता येतील.

मग टेप घेऊन गाडीवाट मोजली, ट्रॅक्टरवाले काका सोबत होते. सगळ्यात अरुंद जागा आंब्याच्या वळणावर आहे, तिथे बांधाचा दगड पुढे आलाय. रुंद गाडी कोरड्यात जाईल, पण ओल्यात एक चाक खाचराच्या कडेवरच राहणार.

ताई, तुमचं ऐकून आई-बाबांना पुण्याला आणलं आणि तिन्ही शोरूम फिरवले. थारच्या मागे बाबांनी पाय टाकला आणि तिथेच थांबले, मी पुढे काही बोललो नाही. गुरखात बसल्यावर त्यांना फार आवडलं, बाहेरचं सगळं दिसतं म्हणाले, पण चढताना दोघांनी धरावं लागलं. जिम्नीत मागचं दार उघडून स्वतः बसले आणि स्वतः उतरले. आईने फक्त वरचं हँडल दोनदा ओढून पाहिलं.

मेकॅनिकली गुरखाच सगळ्यात भक्कम आहे हे मला पटलंय, आणि रस्ता रुंद असता, बाबा दहा वर्षांनी लहान असते तर तीच घेतली असती. पण माझ्या रस्त्याला आणि माझ्या माणसांना जिम्नी बसतेय. पेट्रोल मॅन्युअल बुक करतोय, डीपीएफचा प्रश्नही त्यात सुटला. टेस्ट ड्राइव्हची गाडी कच्च्यावर देत नव्हते, पण ऑफिसातल्या एका मित्राकडे जिम्नी आहे, तो पहिल्या पावसात गावापर्यंत येतो म्हणालाय, त्याच्या शेजारी बसून फोर एल कधी लावायचं ते शिकणार.

आता एवढंच सांगा. मूळ टायर १९५/८० आर १५ आहेत. त्याच मापात एटी टाकू का २१५/७५ घेऊ? २१५ ने थोडी उंची मिळेल, पण चाकोरीत अरुंद टायर बरा असंही एकाने सांगितलं, आणि विमा-पासिंगला माप बदललेलं चालतं का हाही प्रश्न आहे. ज्यांनी जिम्नीवर दोन्हीपैकी एक तरी आपल्याकडच्या चिखलात एक पावसाळा चालवलंय त्यांनी लिहा, मे संपायच्या आत टायर बसवून घ्यायचेत.